मेटचा डोळा अन् पोरीचं मशीन

"बाबा, तुमची लाइन सरळ नसतेच," पोट्टी म्हणाली, अन् माझा चहा बशीतच राहिला.

बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या रुळावर काढली. गँगमन म्हणून लागलो, मेट म्हणून रिटायर झालो. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा म्होरक्या. रूळ कुठं वाकडा झाला की टोळी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून उभी राहते अन् मेट चाळीस-पन्नास पावलं दूर जाऊन, खाली वाकून, एक डोळा मिटून रुळाच्या कडेवरून पाहते. मग नुसता हात हलवायचा. डावीकडं, अजून, जरासं, बस्स! एवढ्यावर लाइन सरळ होते. माझ्या डोळ्याची साऱ्या सेक्शनमध्ये तारीफ होती, अन् मीही ती मिरवत होतो, खोटं कशाले बोलू? अशा माणसाले त्याच्याच घरात बसून त्याची पोरगी म्हणते की तुमची लाइन सरळ नसते!

"काहून नसते?" मी खेकसलो. "लेव्हल ठेवून पाहा ना! बुडबुडा मधातून हलला तर मिशी काढून टाकीन."

"तेच तर सांगून राहिली मी. लेव्हल मतलब सरळ नाही, बाबा."

मे महिना होता. रायपुरात गुढियारी मोहल्ल्यात आमच्या घरी कूलर घरघरत होता अन् फरशीवर टरबूज होतं. पोट्टीनं ते पुढं ओढलं अन् पेनानं सालीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. म्हणे, ही तुमची लेव्हल. पाणी जिथं थांबते तिथं तुम्ही बुडबुडा पाहता, अन् पाणी तर पृथ्वीच्या पाठीवरच थांबते. मग सुरी घेतली अन् एका टोकातून खुपसून दुसऱ्या टोकातून काढली. ही सरळ. रायपूरहून भिलाईपर्यंत खरोखरची सरळ रेघ ओढली, तर मधात कुठंतरी ती जमिनीखाली चार-पाच मजले जाईल.

मी टरबुजाकडं पाहत बसलो. बत्तीस वर्षं, अन् हे मले कोणी सांगितलं नव्हतं. राग आला होता, पण मजाही वाटली. तिच्या आईनं तिले टरबूज खराब केल्याबद्दल दोन शब्द सुनावले अन् फोडी करायले घेऊन गेली.

आमची ही एकच पोरगी. माझे वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरले आले. मी इथंच वाढलो, अन् ही तर पक्की इथलीच. मी मराठीत विचारलं की अर्ध्या वेळा हिंदीत उत्तर देते. फिजिक्स शिकली. दुसऱ्या शहरात एका संस्थेत काम करते. तिथं काय करते, हे मी पाराभर, म्हणजे साऱ्या मोहल्ल्यात, विचारणाऱ्यांना वेगवेगळं सांगत आलो, कारण मले स्वतःले ठीक समजलं नव्हतं. एकदा शेजारच्या दीदीनं विचारलं तर म्हणालो, बिनगाडीची रेल्वे लाइन बनवते. ती छत्तीसगढी बाई "हव, हव" म्हणाली अन् घाईनं आत गेली.

पण बिनगाडीची लाइन हे काही फार चूक नव्हतं. मशीन असं आहे की एका टोकावरून इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्या टोकावरून त्यांचे उलटे भाऊबंद सोडायचे, अन् मधोमध त्यांची टक्कर करायची. दोन टोकांत अंतर रायपूर ते भिलाईएवढं. त्या टकरीतून जे उडते त्यावरून दुनिया कशाची बनली ते समजते. मी विचारलं, एवढी लांब लाइन कशाले पाहिजे? गोल फिरवा ना, सर्कशीतल्या मोटरसायकलवाल्यासारखं. फेरीवर फेरी, वेग वाढतच जाईल!

"गोल मशीनही आहेत, बाबा. पण इलेक्ट्रॉन लै हलका असते. वळणावर त्याची ताकद उजेड होऊन बाहेर निघून जाते. जितका जोरात पळवाल तितकी जास्त. एका हद्दीनंतर जेवढं द्याल तेवढं सारं वळणच खाऊन टाकते. म्हणून सरळ."

वळणाचा त्रास मले कोणी सांगायची गरज नव्हती. वळणावर रूळ किती झिजते ते मी पाहिलं आहे. मी मान हलवली.

"पण सरळचा हिसाब वेगळा," ती पुढं म्हणाली. "गोल मशीनमध्ये टक्कर चुकली तर पुढच्या फेरीत होते. इथं फेरीच नाही. जो धक्का द्यायचा तो एकाच दौडीत, अन् जी टक्कर व्हायची ती एकदाच. चुकला तो गेला."

मग तिनं ते मशीन कसं कसं अवघड आहे ते सांगितलं, अन् मी, ज्याले दहावीत विज्ञानात जेमतेम पास केलं होतं, तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. धक्का देणारे डबे एका धातूचे असतात, ते इतके थंड ठेवायचे की आपला बर्फ त्यापुढं चुलीवरचा वाटावा. आत धुळीचा एक कण राहिला तरी डबा नापास. असे हजारो डबे, एकामागं एक, भिलाईपर्यंत. इलेक्ट्रॉनचा थवा डब्याच्या मधातून जरा बाजूनं गेला तर तो मागं खळबळ सोडून जाते अन् ती मागच्याले ढकलते. सोडण्याआधी या थव्यांना एका कड्यात फिरवून शांत करायचं, नाहीतर ते आवरतच नाहीत. अन् शेवटी मधात भेटताना थवा चुंबकांनी इतका बारीक पिळायचा की केसाच्या जाडीचे हजारो भाग करा, त्यातला एक. इकडून तेवढा, तिकडून तेवढा, अन् दोघांची गाठ पडली पाहिजे.

"अरे बाप रे!" मी म्हणालो. "अन् हे सारं कुठं बांधलं?"

"कुठंच नाही. अजून बांधलंच नाही."

मी डोक्यावर हात मारला. म्हणे, तिच्याआधीच्या पिढीतल्या लोकांनी चित्रं काढायले घेतली, त्यातले काही रिटायर झाले, तरी मशीन कागदावरच. कोणता देश जागा देईल, कोण हो म्हणेल, काही पक्कं नाही. मी म्हणालो, पोरी, डोकं फिरलं का तुम्हा लोकांचं? ती म्हणाली, बाबा, बांधायची परवानगी येईल तेव्हा येईल, पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी नकाशा बरोबर असला पाहिजे ना. हे ऐकून मले जो अभिमान वाटला तो मी तिले दाखवला नाही. उठून टरबुजाच्या दोन फोडी जास्त खाल्ल्या.

तेवढ्यात घरामागच्या लाइनीवरून मालगाडी गेली. आमचं घर रुळाच्या इतकं जवळ आहे की भांडी बोलतात. पोट्टीनं ताटात पाणी ओतून जमिनीवर ठेवलं अन् मले म्हणाली, पाहा. पाण्यावर बारीक लहरी उठल्या होत्या.

"ही तुमची गाडी आमची दुश्मन. जमीन कधीच स्वस्थ नसते, बाबा. गाड्या, ट्रक, पंप, दूरच्या समुद्राच्या लाटा, साऱ्यांनी ती हलते. अन् आमच्या शेवटच्या चुंबकांनी हलायचं नाही."

तिचं काम हेच होतं. तिच्या संस्थेत एका लांब हॉलमध्ये मशीनचा एक लहान नमुना मांडला होता, अन् त्याचे तुकडे एका रेषेत राहतात की नाही ते ती पाहत होती. रेषेसाठी लेझरचा उजेड, तो हवा काढून घेतलेल्या पाइपातून जाणारा. पाइपाची दोन टोकं दोन खांबांवर. तुकडा रेषेतून हलला की खालच्या मोटरी त्याले परत आणतात. मी म्हणालो, म्हणजे तू मेट, अन् मोटरी तुझी टोळी! ती हसली, पण फार हसली नाही.

खरं तर ती आल्यापासूनच मोकळी हसत नव्हती. मे महिन्यात रायपूरले सुखासुखी कोण येते? आल्या दिवशी आईनं विचारलं तर म्हणे, ऐसे ही. रविवारी सकाळी मी बासी खाऊन राहिलो होतो. बासी म्हणजे आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा अन् मीठ, उन्हाळ्यात इथं याच्यासारखं दुसरं काही नाही. पोट्टी समोर येऊन बसली अन् तिनं एकदाचं सांगितलं.

तीन महिन्यांपूर्वी तिले दिसलं की रोज दुपारी मधले तुकडे रेषेतून सरकतात. किती, तर डोळ्याले दिसणारही नाही इतके. तिनं मोटरींना हुकूम लावून दिला की रोज दुपारी त्यांना परत आणा. ग्राफ सुतासारखा सरळ आला. तिचे साहेब खूश. परदेशात मोठी सभा होती, तिथं हा ग्राफ घेऊन तिनंच बोलायचं ठरलं. तिची नोकरी दोन-दोन वर्षांची, पुढची दोन वर्षं मिळतील की नाही हेही याच महिन्यात ठरणार होतं. अन् मागच्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की तुकडे हलतच नव्हते. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ऊन येते, त्यानं त्या बाजूचा खांब कणभर कलते. खांब कलला की रेघच कलते. म्हणजे तीन महिने ती रोज बरोबर बसलेल्या तुकड्यांना चुकीच्या जागी नेत होती.

"हे कोणाले माहीत आहे?" मी विचारलं.

"फक्त मले. उद्या दुपारी साऱ्यांची मीटिंग आहे, व्हिडिओवर. सहा देशांतले लोक राहतील."

अन् मी, तिचा बाप, तोंडातला घास गिळायच्या आधी म्हणून गेलो, "मग नको सांगू. गुपचूप खांब नीट कर. कोणाले कळते?"

ती माझ्याकडं पाहतच राहिली. उठून आत गेली. आई चुलीजवळून म्हणाली, "अवो, हे शिकवून राहिले तुम्ही पोरीले?" मी तिच्यावरही ओरडलो. म्हणालो, नोकरी गेली तर तू देशील का? बासी तशीच ठेवून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बाहेर ऊन इतकं होतं की कुत्रीही दिसत नव्हती. मी तिथं कशाले बसलो होतो मलेच माहीत होतं.

अर्ध्या तासानं मी आत आलो. दोघींना समोर बसवलं अन् जे एकोणतीस वर्षं या घरात सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

असाच मे महिना होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब ट्रॉलीवरून लाइन पाहायले येणार होते. मी नुकताच मेट झालो होतो, अन् आपली लाइन अशी दिसली पाहिजे की साहेबानं उतरून पाठ थोपटावी, ही एकच हवा डोक्यात. भर दुपारी मी वाकून पाहिलं तर पुढं लाइन वाकडी दिसली. कडक उन्हात रूळ हलवायचा नाही, हा नियम मले पाठ होता. माझ्यासोबत चाबीवाला होता. चाबीवाला म्हणजे रोज पायी सारी लाइन तपासणारा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या ढिल्या झाल्या की हातोड्यानं ठोकणारा. तो म्हणाला, "भैया, सकाळी मी पाहून आलो, लाइन ठीक आहे. हे ऊन आहे, हवा नाचून राहिली." मी म्हणालो, "डोळा माझा आहे का तुझा?" अन् टोळीले सब्बल लावायले सांगितलं.

संध्याकाळी रूळ थंडावला अन् तिथं खरोखरचा बाक पडलेला निघाला. तो दिसायच्या आधीच आम्ही घरी गेलो होतो. पहाटेच्या मालगाडीच्या ड्रायव्हरले तिथं झटका बसला, त्यानं पुढच्या स्टेशनावर कळवलं. गाडी वाचली, कोणाले खरचटलं नाही. पण चौकशी तर होणारच. मले विचारलं, तेव्हा मी म्हणालो की चाब्या ढिल्या राहिल्या असतील.

एवढंच वाक्य. चाबीवाल्याले चार्जशीट मिळाली. त्याची बदली दूर जंगलातल्या एका स्टेशनावर झाली, पोरांची शाळा सुटली. तो मले एक शब्दही बोलला नाही. जाताना साऱ्या टोळीसोबत माझ्याही हातात हात दिला. तिकडंच रिटायर झाला अन् दोन वर्षांत वारला. मी सांगीन, सांगीन म्हणत राहिलो. माणूस गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो अन् परत आलो.

"नीच काम केलं मी," मी म्हणालो. "अन् मघा तुलेही तेच शिकवलं."

आईनं पदर तोंडाले लावला होता. मले वाटलं आता ही मले काहीतरी लागेल असं बोलणार, अन् बोलावंच असं वाटत होतं. पोट्टी म्हणाली, "हवा नाचते म्हणूनच तर आम्ही पाइपातून हवा काढतो, बाबा. डिझाइनमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं आहे, ज्यावरून मापता ती खूण आधी तपासा. मी हवेवर ध्यान ठेवलं अन् खांब विसरली." मग उठून तिनं माझी ताटली आणून दिली. "खा. कांदा सुकून राहिला."

सोमवारी अडीचले मीटिंग. कूलरचा आवाज येते म्हणून मी तो बंद केला. घर भट्टी झालं. पोट्टी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, केस बांधून, हातात कागद. मी दाराबाहेर स्टुलावर. आईनं मले हाताच्या इशाऱ्यानं बोलावलं, पण मी हललो नाही.

इंग्रजी मले ड्युटीपुरतं येते. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तिचं नाव घेऊन कोणीतरी काही विचारलं, बहुतेक ग्राफबद्दलच, कारण आवाज खुशीचा होता. अन् माझी पोरगी म्हणाली की तो ग्राफ चूक आहे. चूक माझी आहे. हे दोन्ही मले समजलं. पुढं खांब, ऊन, भिंत, सारं ती एका दमात सांगत गेली. 

तिच्या साहेबांनी विचारलं, फक्त शेवटचे काही आठवडे चूक आहेत का? तिच्याजवळ पळवाट होती. हो म्हणाली असती तर निम्मं वाचलं असतं. ती म्हणाली, नाही सर, सारे तीन महिने. मी स्टुलावर बसल्या बसल्या डोळे पुसले. बाप म्हणून पुसले अन् मेट म्हणूनही पुसले. त्या एका वाक्याले किती ताकद लागते ते मले चांगलं माहीत होतं, कारण माझ्याच्यानं ते झालं नव्हतं.

मग एक म्हातारा आवाज आला, दुसऱ्याच कोण्या देशातला, सावकाश बोलणारा. त्यानं खूप प्रश्न विचारले. पोट्टीनं साऱ्यांची उत्तरं दिली, दोनदा "मले माहीत नाही, पाहून सांगते" असंही म्हणाली. तासाभरानं ती बाहेर आली. कुर्ता घामानं भिजला होता. मी आधी कूलर लावला.

"काय म्हणाले?"

"सभेत बोलणं गेलं. ग्राफच नाही तर बोलू काय?"

"अन् नोकरी?"

"पता नहीं, बाबा. महिन्याच्या शेवटी सांगतील."

ती कूलरसमोर जमिनीवर बसली अन् तिनं सांगितलं की तो म्हातारा आवाज त्या लोकांतल्या एकाचा होता ज्यांचं काम मशीनच्या मधोमध आहे, जिथं टक्कर व्हायची. त्यांनी तिचाच ग्राफ पाहून आपलेही खांब तिच्या खांबांसारखेच ठेवायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात नकाशा पक्का होणार होता. आता थांबवला. "उन्हाचं आम्हीही तपासलं नव्हतं, असं म्हणाले ते. सब के सामने."

मी तिच्याकडं पाहिलं. चेहरा उतरलेला, डोळे लाल, नोकरीचा पत्ता नाही. पण पाठ ताठ होती. ज्या मशीनचा एक खिळाही अजून ठोकला गेला नाही, त्याच्यासाठी ही पोरगी साऱ्या दुनियेसमोर खरं बोलून आली होती. माझ्या लाइनीवरून तर रोज माणसं भरलेल्या गाड्या जात होत्या. तिच्यापुढं मी लहान झालो होतो, अन् खरं सांगतो, त्याचा मले आनंदच वाटला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला.

आई पाणी घेऊन आली. पोट्टीनं गिलास एका घोटात रिकामा केला, खाली ठेवला, अन् माझ्याकडं न पाहता विचारलं, "बाबा, त्या चाबीवाल्या काकांचं नाव काय होतं?"

सारा जन्म टोळीवर ओरडलेला माणूस मी, पण ते नाव माझ्या तोंडून इतकं हळू निघालं की मलेच ऐकू आलं नाही.

"जोरानं सांगा ना," ती म्हणाली. "आईलेही ऐकू द्या."

मी परत सांगितलं, आडनावासकट.